जीप वाडीवर पाठवू नका

पाष्टेकाका,

आम्ही पळालो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा हे माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून आधी तेच लिहिते. तुम्ही गेलात त्या सकाळी पोलिसांची जीप आम्हाला न्यायला वाडीवर आली आणि अख्खी वाडी रानात पळाली. सगळ्यांत पुढं मी होते.

आज अकरावा दिवस. भांडी घासताना, चूल फुंकताना मध्येच माझे हात थांबतात आणि मी स्वतःलाच विचारते, तू पळालीस? पोलीस भरतीचा फॉर्म भरून बसलेली तू? पायांनी काय केलं ते डोक्याला अजून पटलेलं नाही. आणि तुम्ही गेलात हेही पटलेलं नाही, कारण आदल्याच दिवशी फोनवर तुम्ही मला गोळाफेकीवरून झापलं होतं. तुझा गोळा पायाशी पडतो, भाकरी जास्त खा, म्हणाला होतात. झापणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता बसल्या जागी जातो, हे कुणाला खरं वाटेल?

त्या सकाळी साडेनऊचा सुमार असेल. खालच्या वाटेवर तांबडी धूळ उठलेली दिसली, मग तो आवाज आला. आमच्याकडे तान्हं पोर सोडून सगळ्यांना तो आवाज ओळखता येतो. कुणीतरी 'पला' म्हणालं. कोण म्हणालं ते आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. मला संशय आहे की मीच. हातातलं पातेलं टाकलं आणि काजूंच्या मधून सरळ वर सड्याच्या कातळावर. मागे बायका, पोरं, बाबा, सगळे. धावताना मनात भीतीबिती काही नव्हती, खरं सांगते. काहीच नव्हतं. शिंक येते तसं ते झालं.

सड्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत बसून मी खाली बघत होते. जीप अंगणात उभी होती. एक तरुण पोलीस टोपी हातात घेऊन मधोमध उभा होता. मला वाटलं, उकडत असेल. तेवढ्यात फोन वाजला. वाडीत रेंज नाही, सड्यावर येते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? तुमचे फोन घ्यायला मी तिथंच तर चढायची. फोन काकूंचा होता.

"काजल, गाडी पोचली ना गो?" काकू म्हणाल्या. "लवकर या. ह्यांना गावाला न्यायचंय. वाडीवरची माणसं आल्याशिवाय उचलायचं नाय, असं मी सांगून ठेवलंय."

मी विचारलं, कुणाला उचलायचं? त्या म्हणाल्या, ह्यांना. मी तरीही विचारलं, काकांना काय झालं? तोवर खाली जीप वळत होती. मी उठले, ओरडले, हात हलवले. सड्यावरून ओरडलेलं खाली जात नाही. टोपी का काढली होती ते मला तेव्हा कळलं.

खाली आले तर ढाकलीआजी ओट्यावर तशीच बसलेली. तिच्याने पळवत नाही, म्हणून ती राहिली होती. त्या पोलिसाने तिला विचारलं होतं, माणसं कुठं गेली? तिने वाडीचं कायमचं उत्तर दिलं, कामाला. मग तो म्हणाला होता, पाष्टे हवालदार वारले, त्यांना शेवटचं बघायला माणसांना न्यायला आलोय. आजीने कुणाला हाक मारली नाही. तिला वाटलं, रानातली माणसं बाहेर काढायला पोलिसांनी ही नवी युक्ती काढली. तिच्या लहानपणी असंच झालं होतं म्हणे. धान्य वाटायचंय असं सांगून सगळ्यांना बोलावलं आणि जमलेले सगळे पुरुष गाडीत घातले. ती तुमच्यासाठी आता रोज रडते, आणि रडताना त्या पोलिसाला शिव्याही देते, की त्याने खरं का सांगितलं. ह्यावर तुम्ही हसला असतात.

मी रस्त्यापर्यंत धावले. तुम्ही सड्यावर घड्याळ लावून धावायला लावायचात, त्यापेक्षा जोरात. वडापची गाडी मिळायला अर्धा तास गेला. पोलीस लाईनीत पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. शेजारची बाई म्हणाली, तासभर थांबवलं होतं तुमच्यासाठी. जीप रिकामी आली तेव्हा काकू एकच वाक्य बोलल्या म्हणे, 'असू दे, चला.' तुमच्या खोलीला कुलूप होतं आणि पडवीत तुमच्या घरच्या चपला होत्या, एक सरळ आणि एक उलटी. मी ती उलटी सरळ केली. तेवढंच माझ्या हातून झालं.

तो तरुण पोलीस तिथंच बाकड्यावर बसला होता. घाटावरचा आहे, नवीन आहे, रडून रडून डोळे सुजलेले. मी त्याच्या अंगावर गेले. जीप कशाला आणलीत, म्हटलं. जीप कशाला आणलीत? तो म्हणाला, मग कसं आणणार होतो तुम्हाला? वेळ कुठं होता? त्याचं चुकलं नव्हतं. नव्या साहेबांचंही नव्हतं. उलट सगळ्यांनी चांगलंच करायचं ठरवलं होतं. आमच्याकडे जीप पाठवायची नसते, हे त्या अख्ख्या ठाण्यात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस तेव्हा पांढऱ्या चादरीखाली होता.

तुम्ही पहिल्यांदा एकटे आलात तेव्हा मी नववीत होते. मोटारसायकल खाली पऱ्याच्या पाण्याजवळ लावलीत आणि पऱ्याच्या पलीकडूनच हाक दिलीत, "मी पाष्टे हवालदार. एकटाच हाय. येव काय?"

पोलीस विचारतो, येऊ का? वाडीत कुणी हालेना. तुम्ही दगडावर बसून राहिलात. बराच वेळ बसून, विडी ओढून, निघून गेलात. दुसऱ्या आठवड्यात परत तेच. कितव्या खेपेला ढाकलीआजीने 'ये' म्हटलं ते आता आठवत नाही, पण त्याआधी तुम्ही किती दिवस त्या दगडावर काढलेत ते मी बघत होते. आमची माणसं म्हणायची, येडा हाय. नंतर सहा वर्षं तुम्ही एकदाही न विचारता पऱ्या ओलांडला नाहीत. शंभरदा आलेल्या घरीसुद्धा हाक दिलीत आणि 'ये' ऐकूनच पाय टाकलात. मी एकदा चिडवलं, की सासुरवाडीला पण असंच विचारता का? तुम्ही म्हणालात, तिथं तर विचारून पण घेत नाहीत.

तुम्ही इथं बसून चिंबोऱ्यांचा रस्सा ओरपलात. हर्णै बंदराहून येताना सुकट आणलीत. जातीच्या दाखल्यासाठी आमच्या बापजाद्यांचे कागद शोधत शाळाशाळांतून हिंडलात, कारण ज्यांच्याकडे घराचा कागद नाही त्यांच्याकडे आजोबाच्या जन्माचा कुठून असणार? आणि गावात कुठं कोंबडी जरी हरवली, तरी आधी आमच्याकडे येऊन पोरांना उचलायची जी पद्धत होती, ती तुमच्या बीटमध्ये बंद झाली. हे सगळं मी मोजून दाखवत नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

मला आठवतं ते ठाणं बघायला गेलो तो दिवस. तेव्हाच्या साहेबांनी ठरवलं होतं, आदिवासी मुलामुलींना ठाण्यात बोलवायचं, चहा द्यायचा, काम कसं चालतं ते दाखवायचं. आणि तुम्हाला न विचारता आमच्यासाठी गाडी पाठवली. गाडी आली, वाडी रिकामी. तुम्ही मागून मोटारसायकलवर पोचलात, रिकाम्या अंगणात उभे राहिलात आणि खो-खो हसत सुटलात. मग हसू थांबलं आणि तुम्ही त्या पऱ्याच्या दगडावर डोक्याला हात लावून बसलात. मी करवंदीतून बघत होते. गाडी परत पाठवलीत, साहेबांना फोन लावायला वर सड्यावर आलात. आम्हाला ऐकू आलं, तुम्ही म्हणत होतात, "साहेब, एक इनंती. जीप वाडीवर पाठवू नका. कधीच."

मग तुम्ही आम्हाला चालवत नेलंत. मोटारसायकल ढकलत आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आलात, तिथून एसटीने. ठाण्यात खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या वाडीतला राजा खुर्चीवर बसेना. साहेब म्हणाले, बस की रे. तो भिंतीला टेकून खाली बसला. तो आधी दोनदा तिथंच, त्याच भिंतीला बसला होता, चौकशीला. तुम्ही आपला चहाचा कप घेतलात आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसलात, वर्दीसकट. मग साहेबांना काय करावं ते कळेना. मला त्या दिवशी तुमचा राग जायला लागला.

राग का होता, ते तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं हे तुम्हाला माहीत होतं का, एवढंच मला कधी कळलं नाही.

मी तिसरीत होते. बागेतला पाण्याचा पंप चोरीला गेला आणि जीप आली. बाबा पळाला नाही, कारण त्याने काही केलंच नव्हतं. भोळा होता. एकाने त्याची मानगूट धरली आणि ओढत नेलं. ओढताना बाबाच्या पायातली एक चप्पल निसटली. मागून येणारा दुसरा पोलीस वाकला, चप्पल उचलली, झटकली आणि जीपमध्ये ठेवली. बाबाला बाकावर बसवलं नाही. दोन बाकांच्या मध्ये, पायांशी. तीन दिवसांनी तो परत आला, आणि पंप नंतर बागवाल्याच्याच गड्याकडे मिळाला. तो चप्पल उचलणारा पोलीस तुम्ही होतात. तेव्हा तुमच्या मिशा काळ्या होत्या. पण वाकण्याची पद्धत तीच, डावा हात गुडघ्यावर ठेवून.

मी सहा वर्षं विचारायचं ठरवत होते. काका, तुम्हाला चप्पल दिसली, मग मानगूट धरलेला हात कसा दिसला नाही? कधी वाटायचं, विचारून तुम्हाला रडवावं. कधी वाटायचं, अख्ख्या त्या जीपमध्ये एकाला तरी चप्पल दिसली होती, हे काय कमी आहे? हे दोन्ही विचार माझ्यात शेजारी शेजारी राहत होते आणि त्यांचं आपसात कधी पटलं नाही.

बाबा तुमच्या हाकेला कधी उत्तर द्यायचा नाही. तुम्ही आलात की तो आत जायचा. तुम्ही त्याच्याशी बोलायचा प्रयत्नही केला नाहीत, फक्त ओट्यावर बसायचात ते आमच्या दाराकडे पाठ न करता. मागच्या पावसाळ्यानंतर एकदा सड्यावर माझी पळायची वेळ मोजत होतात. मधेच घड्याळाकडे बघत म्हणालात, "काजल, तुझा बाबा माझ्याकडं बघत नाय. बराबर करतो."

बस्स, तेवढंच. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही सगळं बोलला असतात, असं मला आता वाटतं. मीच उघडलं नाही. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर मला तुमच्यावर रागवावं लागलं असतं, आणि भरती जवळ आली होती. बघा, किती हिशेबी आहे मी. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात, पोरगी सरळ आहे.

आपलं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर व्हायचं. मी म्हणायची, माणसं तुम्हाला 'ये' म्हणतात, पोलिसांना नाही. तुम्ही रिटायर झालात की पऱ्यापाशी परत पहिल्यासारखं. तुम्ही म्हणायचात, हळूहळू होतं. मी म्हणायची, हळूहळू काही होत नाही, एकदा जीप आणून बघा. त्यावर तुमचा तो ठरलेला विनोद यायचा, की तुमची वाडी धावण्यात कायमच पहिली, फक्त आता आमच्यापासून लांब पळायच्या ऐवजी आमच्याकडे पळा. आणि मग एक दिवस गंभीर होऊन म्हणालात की रिटायर व्हायच्या आधी जीप आणीन, आणि पुढच्या सीटवर तू असशील, वर्दीत. बघू कोण पळतंय.

मी जिंकले, काका. मला असं जिंकायचं नव्हतं. तुम्ही हरलात हे बघायला तुम्ही असायला हवे होतात, मिशीत हसत, 'बरं बरं, अजून टाइम हाय' म्हणत. आता तो टाइम मी कुठून आणू?

आणि मी वर्दी घालणार कशी? परवा हे राजाला म्हटलं. तो आता रिक्षा चालवतो, कुणाच्या खुर्चीची त्याला पर्वा नाही. तो म्हणाला, तूच पळालीस ना, मग तूच जा, तुला तरी कळेल माणसं का पळतात. आम्ही मुद्दाम पळत नाही हे सांगायला कुणीतरी आत पाहिजे. राजा एवढं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. बहुतेक तुमचंच काहीतरी त्याने चोरून ऐकलेलं असणार.

नवव्या दिवशी तो घाटावरचा पोलीस परत आला. मी अंगणात होते. आधी धूळ दिसली, मग आवाज आला, आणि माझे पाय उचलले गेले. मी दाराची चौकट धरली. खरंच धरली, दोन्ही हातांनी. आवाज पऱ्याच्या अलीकडे आलाच नाही. तिकडंच बंद झाला. आणि मग त्या पोराने हाक दिली, चुकतमाकत, घाबरत, "मी कांबळे. पोलीस. एकटाच आहे. येऊ का?"

त्याला हे कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं, मी तर नुसती त्याच्या अंगावर ओरडले होते. तो नंतर म्हणाला, काकूंनी सांगितलं. तुम्ही घरी सांगायचात का हो हे सगळं? त्या दगडाचं, विडीचं, आजीच्या 'ये'चं?

निम्मी वाडी तोवर काजूत शिरली होती. ती तिथंच थांबली. पुढं गेली नाही आणि परतही आली नाही. मग ढाकलीआजी ओट्यावरून म्हणाली, "ये. आनि खरा बोलत जा."

तो निरोप घेऊन आला होता. उद्या तुमचं बारावं. काकूंनी सांगितलंय, वाडीवरची माणसं यायलाच हवीत, नाहीतर ह्यांना बरं वाटणार नाही. तुमचं गाव तिकडं संगमेश्वरला, लांब, एसटी वेळेवर नाही, म्हणून साहेब जीप देणार आहेत. सकाळी सहाला, पऱ्याच्या अलीकडे नाही, पलीकडे. आजी येणार आहे, राजा येणार आहे, मी आहे. कांबळेने वहीत नावं लिहून घेतली. लिहून झाल्यावर आमच्या दारातून आवाज आला, माजा पन लिव. बाबा दारात उभा होता. कांबळेला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने नाव विचारलं आणि लिहिलं.

आज दुपारपासून बाबाने एक काम तीनदा केलं. चपला पऱ्यावर नेऊन धुतल्या, वाळत घातल्या, परत धुतल्या. मघाशी उजेड असताना मी हे लिहायला बसले तेव्हा तो जवळ येऊन बसला. कोणाला लिहितेस विचारलं नाही. ह्या घरात कोणाला काय लिहिलं जातंय ते त्याला कळतं. बराच वेळ त्या वाळणाऱ्या चपलांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "काजल, उद्या बाकावर बसवतील का खाली?"

मी म्हटलं, बाकावर, बाबा. बाकावरच.

तो म्हणाला, "इचारून ठेव."

काका, मी कुणाला विचारू?